आमच्या साडूंचं अश्मयुग

माणसं साठ-सत्तर वर्षं जगतात आणि त्यातली निम्मी झोपेत घालवतात. आमचे साडू मात्र एका जन्मात तीस लाख वर्षं जगले, आणि तीही सुरतेत, डिंडोलीच्या दोन खोल्या आणि एक ओटा एवढ्या जागेत. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल, तर त्या ओट्यावर एकदा अनवाणी चालून बघायला हवं होतं. साऱ्या जगात घरात शिरताना चपला काढतात, साडूंकडे शिरताना घालायच्या. दाराशी जुन्या स्लिपरांचे चार-सहा जोड कायम मांडलेले असत आणि पाहुणा दिसला की अक्का आतूनच ओरडायच्या, "थांबा, पाय कापतील! आधी चपला घाला, मग या!" नवा पाहुणा गोंधळून एकदा उंबऱ्याकडे बघे, एकदा देवाच्या तसबिरीकडे, आणि मग चोरासारखा चपला घालून आत येई. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. खरं तर त्यांच्या दहाव्याच्या वेळी जे घडलं तेच सांगायला बसलोय. पण आदल्या दुपारी साडू दगडांच्या ढिगापुढे बसून काय शोधत होते, आणि ते सापडलं नसतं तर त्या माणसाचं काय झालं असतं, हे कळायचं तर तो ढीग कसा जमला ते आधी सांगायला हवं.

साडू कॉर्पोरेशनच्या मराठी शाळेत मास्तर होते. मूळचे शिंदखेड्याकडचे. वर्गातली सगळी पोरं लूमवाल्यांची, त्यांना इतिहास शिकवायचा. पाचवीच्या पुस्तकात आदिमानवाच्या दगडी हत्यारांवर एक वाक्य होतं. एकच. ते वाक्य साडूंनी वर्षानुवर्षं वाचलं, पोरांकडून वाचून घेतलं, फळ्यावर लिहिलं, आणि एक दिवस त्यांना अचानक त्याचा राग आला. माझ्याकडे आले ते घामाघूम होऊन. "साडू, तुमच्या मिलमध्ये एक साडी तयार व्हायला किती हात लागतात?" मी साडीच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होतो, तेव्हा उत्तर देणं मला भाग होतं. मी म्हटलं, "वीस-पंचवीस तरी लागत असतील." "आणि इथे लाखो वर्षं, हजारो पिढ्या, आणि एका वाक्यात उरकलं? बाप जेवायला बसलाय आणि पोरगं म्हणतंय, बाबा जेवले! अहो, जेवले काय, कसे जेवले, ते सांगाल की नाही?" मी म्हटलं, "सांगा की तुम्ही." आता वाटतं, तेव्हा नुसता चहा विचारायला हवा होता.

त्याच रविवारी ते काकरापारच्या बाजूला तापीच्या पात्रात गेले आणि पिशवीभर गोटे घेऊन आले. त्यांचं ठरलं होतं की माणूस ज्या क्रमाने दगड फोडायला शिकला त्याच क्रमाने आपण शिकायचं. मधलं युग गाळायचं नाही. "पाचवीत नापास झालेल्याला सातवीत बसवता का तुम्ही?" पहिलं युग गोट्यांचं. एका हातात गोटा धरायचा, दुसऱ्या हातातल्या गोट्याने त्याच्या कडेवर घाव घालायचा, दोन-चार टवके उडाले की धार निघते. सांगायला सोपं. साडूंच्या डाव्या अंगठ्याचं नख त्या वर्षी इतक्या वेळा काळं पडलं की त्याने पुढे पुढे रंग बदलायचाच सोडून दिला. ओट्यावर सकाळ-संध्याकाळ टकटक, टकटक. डिंडोलीत निम्मी वस्ती लूमवर जाणारी. ज्याच्या कानावर दिवसभर खटखट पडते त्याला घरी आल्यावर टकटक ऐकू येत नाही. म्हणून निभावलं, नाहीतर साडू पहिल्याच युगात नामशेष झाले असते. शेवटी एके दिवशी मुठीत मावेल असा, एका बाजूला धार असलेला गोटा त्यांनी केला आणि सत्यनारायणाचा नारळ त्याने फोडला. नारळासकट खालची फरशीही फुटली. अक्का तीर्थाची वाटी सावरत म्हणाल्या, "बाकीच्यांच्या घरात मिक्सर आले. आमच्याकडे अजून लोखंडाचा शोध लागायचाय."

दुसरं युग हातकुऱ्हाडीचं. ही गोट्यासारखी एका अंगाने फोडून भागत नाही. दोन्ही अंगांनी सारखी छिलायची, बदामाच्या आकाराची, खाली गोल आणि वर टोकदार. त्या काळात साडू जेवताना भाकरीसुद्धा दोन्ही बाजूंनी सारखी तोडायचे. पण त्यांची कुऱ्हाड काही केल्या पातळ होईना. दगडाने दगडावर मारलं की टवका जाड निघे आणि कुऱ्हाड बटाट्यासारखी दिसे. मग त्यांना कळलं की पुढच्या माणसांनी दगड सोडून हाड, शिंग, लाकूड असल्या नरम वस्तूंनी घाव घालायला सुरुवात केली, आणि तेव्हा कुठे टवके पातळ उडायला लागले. सुरतेत सांबरशिंग आणणार कुठून? ते उठले आणि अक्कांचं शिसवी लाटणं घेऊन आले. पहिल्याच घावाला कांद्याच्या सालीसारखा टवका उडाला. साडू स्वयंपाकघरात धावत गेले. "अगं, हे समजायला माणसाला लाखो वर्षं लागली! मला तुझ्या एका लाटण्यात समजलं!" अक्का परातीत कणीक घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "हो का? मग तुमच्या पोळ्या आता लाखो वर्षांनी लाटू?" पुढे कित्येक महिने त्या घरात पोळी लाटायला काचेची बाटली होती. त्या पोळ्या मी खाल्ल्या आहेत. त्याही दोन्ही अंगांनी सारख्या नव्हत्या.

तिसऱ्या युगात साडूंची टकटक एकदम थांबली आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण झालं होतं वेगळंच. या युगातला माणूस हत्यार थेट घडवत नव्हता. तो आधी दगडाचा गाभा कासवाच्या पाठीसारखा चहूबाजूंनी तासून तयार करायचा, आणि मग नेमक्या जागी एकच घाव. त्या एका घावात हवं तसं, हव्या तेवढ्या आकाराचं पातं सुटून हातात यायचं. म्हणजे हत्यार आधी डोक्यात आणि मग दगडात. साडू संध्याकाळच्या संध्याकाळ दगडाकडे बघत बसायला लागले. कुणी आलं तरी मान वर करत नसत. त्याच सुमाराला अक्कांची चुलतभावजय चार दिवस राहून गेली आणि गावी जाऊन तिने सांगितलं, "अक्काना नवरा येडा व्हयी गया. मुलगी दखाले येल्यागत दगडले दखत बठस." मी साडूंना म्हटलं, "अहो, मारा की एकदा!" तर म्हणाले, "साडू, मनातल्या मनात चार घाव पुढचं दिसल्याशिवाय हे होत नाही. मला वाटतं, माणूस पहिल्यांदा 'उद्या' म्हणाला तो इथे." असं काही ते मधूनच बोलून जायचे, मग आपल्याला चेष्टा करावीशी वाटेना. निदान चहा येईपर्यंत तरी.

सुरतेतल्या माणसांनी त्यांना वेडं ठरवावं याचं मात्र त्यांना फार हसू यायचं. "अर्धं शहर सकाळी उठून हिऱ्याच्या घंटीवर, त्या फिरत्या चाकावर, बसतं आणि डोळे फोडून एवढासा खडा घासतं. तो धंदा. आणि मी फुकटात फोडतो ते वेड!" रजेत खानदेशात गेले की लोक परतताना कळण्याचं पीठ आणि मिरच्या आणतात, साडू गिरणेच्या आणि पांझरेच्या पात्रातले गारगोटे आणायचे. भुसावळ पॅसेंजरमध्ये एकदा चोराने त्यांची पिशवी उचलली. दोनच स्टेशनं गेली आणि चोर खांदा चोळत डब्यात परत आला, पिशवी साडूंच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण असं झालं नसेल तर ती चोराची चूक.

प्लेगच्या वर्षी सगळी सुरत तोंडाला रुमाल बांधून पळाली. मी बायको-पोरांना घेऊन धुळ्याच्या गाडीला लटकलो. अक्कांनीही ट्रंक भरली होती. पण साडूंच्या तिसऱ्या युगाला नेमकी तेव्हाच हाताला चव आली होती, गाभ्यावरून मनासारखी पाती सुटायला लागली होती. ते ओट्यावरून उठेनात. "तू जा, मी मागून येतो." अक्कांनी ट्रंक पुन्हा रिकामी केली आणि त्याच ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या. ओस पडलेल्या गल्लीतून टकटक येते म्हणून पोलीस आले. त्यांना वाटलं कुलूप तोडतायत. बघतात तर एक मास्तर दगड फोडतोय आणि त्याची बायको पदराने नाक-तोंड झाकून शेजारी बसलीय. हवालदार अक्कांना म्हणाला, "बेन, तमे केम नथी गया?" अक्का म्हणाल्या, "यांना जेवायला कोण हाक मारेल?" आम्ही परत आलो तेव्हा दोघंही धडधाकट होते आणि साडूंनी मला पातं दाखवलं. बाभळीच्या पानासारखं नाजूक. मी म्हटलं, "सुंदर!" अक्का म्हणाल्या, "असणारच. दोन माणसं जिवावर उदार होऊन बसली होती त्याच्यासाठी."

पुढचं युग लांब, अरुंद पात्यांचं. एका गाभ्यावरून मुळ्याच्या उभ्या फोडी निघाव्यात तशी एकामागून एक समांतर पाती काढायची. त्यासाठी राजपिपळ्याच्या बाजूने अकीक, अंगठीत बसवतात तो चकचकीत दगड, आणला. अकीक मंद आचेवर तापवला की नीट फुटतो, म्हणून परसात गोवऱ्यांची शेगडी लागली. अक्का कुठलीही आच वाया जाऊ देणाऱ्या नव्हत्या. त्याच राखेत त्यांनी भरताची वांगी पुरायला सुरुवात केली. एका शेगडीत भरीत आणि अकीक, दोन्ही काळे, दोन्ही गरम. एकदा माझ्या ताटात काय पडलं होतं ते मी दाताने ओळखलं. मग आली नखाएवढी सूक्ष्म पाती, डिंक आणि राळ लावून लाकडाच्या खाचेत ओळीने बसवायची. असा एक विळा करून साडू चलथाणला ऊसतोड चालली होती तिथे गेले. टोळीच्या मुकादमाने कौतुकाने एक ऊस तोडायला दिला, मग चहा मागवला, मग पानसुपारी झाली. शेवटी म्हणाला, "मास्तर, सावकाश होऊ द्या. हा तुटेपर्यंत पुढचा हंगाम येईलच." घरी अक्का तांदूळ निवडायच्या आधी त्यातली हत्यारं निवडायच्या.

राहिलं होतं शेवटचं युग, घासण्याचं. दगड फोडून नव्हे तर वाळू आणि पाणी घेऊन पाट्यावर घासून घासून गुळगुळीत करायचा, शेती करणाऱ्या माणसाच्या कुऱ्हाडीसारखा. अक्का या युगाची वाट बघत होत्या. बाकी बायका दिवाळीची बघतात तितकी. कारण घासायचं म्हणजे टवके उडणार नाहीत. साडूंनीच त्यांना शब्द दिला होता, "हे एवढं सूक्ष्म पात्यांचं आटपलं की बस. मग तू घरभर अनवाणी फीर." माझ्या बायकोला त्या म्हणायच्या, "स्वतःच्या घरच्या फरशीचा गारवा पायाला कसा लागतो ते विसरले बघ मी." त्या वर्षी पाऊस संपता संपता त्यांना ताप आला. साधा ताप, दोन दिवसांत उतरेल म्हणता म्हणता दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. घरातून नेताना त्यांच्या पायात स्लिपर होत्या. साडूंनी त्या दवाखान्याच्या खाटेखाली नीट जोडीने लावून ठेवल्या होत्या.

मूल नव्हतं, म्हणून सगळं साडूंनीच केलं. तापीकाठी चितेभोवती ते खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फिरले आणि प्रत्येक फेरीला मागून मी दगडाने त्या मडक्याला भोक पाडलं. दगड कुठला, तर बाजूला बांधकामाच्या रेतीचा ढीग होता, त्यातला वर आलेला एक गोटा, कुणीतरी माझ्या हातात दिला. आपल्याकडे त्या दगडाला अश्मा म्हणतात. गेलेलं माणूस दहा दिवस त्या दगडात असतं. गुरुजींनी तो साडूंच्या ओंजळीत ठेवला. साडू त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "याचं काय करायचं?"

"काही नाही. रोज तिळाचं पाणी घालायचं, दहाव्याला नदीत सोडायचा."

"म्हणजे नुसता ठेवायचा?"

"नुसता ठेवायचा," गुरुजी म्हणाले.

घरी येताना माझी बायको कानाशी लागली, "दाजी त्याला फोडणार तर नाहीत हो? हात शिवशिवतो त्यांचा." मीही त्याच काळजीत होतो. पण साडूंनी ओट्यावर एक मातीचं परळ ठेवलं, त्यात अश्मा ठेवला, आणि आठ दिवस त्याच्यासमोर बसून काढले. टकटक नाही. रोज सकाळी पाणी घालायचे आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलायचे. एकदा मी ऐकलं. "आज तुझ्या बहिणीने डाळ केली होती. तिखट होती."

नवव्या दिवशी साडूंच्या थोरल्या बहीणबाई शिरपूरहून आल्या. कामाचा उरक मोठा, आणि मन त्याहून. घरात पाऊल टाकलं तसं पायात पहिला टवका रुतला. उद्या गाव गोळा होणार, सुतकाच्या घरात चपला घालून कुणी शिरायचं नाही, आणि इथे तर जमीन करवतीसारखी! साडू आणि मी पत्रावळी आणि पूजेचं सामान आणायला उधन्याला गेलो होतो. तेवढ्यात बाईंनी कंबर कसली. आता त्या घरात दगड नुसते जमिनीवर नसत. वाटीत दगड, ताटलीत दगड, डब्यात, सुपात, परळात दगड. बाईंनी सगळी भांडी गोणपाटात उपडी केली, गोणपाट परसात नेऊन ओतलं, ओटा दोनदा धुतला, भांडी घासून पालथी घातली. आम्ही आलो तेव्हा ओटा आरशासारखा झाला होता. त्या घराचा ओटा कुठल्या रंगाचा आहे ते मला त्या दिवशी कळलं.

साडू दारातच उभे राहिले. "ही कुठेय?"

"कोन?" बहीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"इथे परळात होती."

बाईंनी धुतलेल्या परळाकडे बघितलं. मग परसाकडे. मग मटकन उंबऱ्यावर बसल्या. "हाई काय करी टाकं मी, भाऊ! माले वाटनं तोबी तुन्हाच दगड शे."

परसात केवढा ढीग होता म्हणून सांगू! गिरनार त्याच्यापुढे दंडवत घालेल. मी सायकल काढली आणि गुरुजींकडे धावलो. ते शांत माणूस. म्हणाले, "घाबरू नका. असं होतं. दुसरा दगड घ्यायचा, पहिल्या दिवसापासूनचे विधी उद्या त्याच्यावर पुन्हा करायचे. शास्त्रात तोड आहे." माझा जीव भांड्यात पडला. परत येऊन साडूंना सांगितलं तर ते ढिगासमोर पाट घेऊन बसलेले. वर न बघता म्हणाले, "दुसरी चालली असती तर साडू, तिने मला कधीच बदलून घेतलं असतं."

आम्ही सगळे मदतीला वाकलो, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एक दगड उचलायचा, अंगठा फिरवायचा, आणि बाजूला ठेवायचा. जुन्या सवयीने हातच युगं लावत होता. गोट्यांचा ढीग इकडे, हातकुऱ्हाडी तिकडे, कासवपाठीचे गाभे भिंतीला, पाती मांडीजवळच्या सुपात. आणि प्रत्येक दगड ठेवताना एक वाक्य. आधी मला वाटलं, दगडाविषयी बोलतायत. "हा लाटण्याचा. ही चार दिवस बोलली नव्हती." "हा मुंजीला गेलो नाही त्या दिवशीचा. एकटीच जाऊन आली, लाडू आणला होता माझ्यासाठी रुमालात." "हा तिने रागाने फेकला होता नं, हे बघा टोक गेलंय. मग स्वतःच शोधून आणून दिला." "हे प्लेगमधलं. या वेळी म्हणाली, मेलो तर दोघं मेलो, तुम्ही नीट मारा." ढीग त्यांच्या दगडांचा, पण त्यात एकही दगड असा निघेना ज्याला अक्का चिकटलेल्या नाहीत. माझी बायको माझ्यामागे उभी राहून रडत होती. बहीणबाई उंबऱ्यावरून हलल्या नव्हत्या. मला वाटायला लागलं की हा माणूस शोधत नाहीच आहे. हा ढीग संपू नये म्हणून बसलाय.

ऊन कलायला आलं तेव्हा तळाशी थोडे दगड उरले. काही ओबडधोबड गोल होते आणि मी आशेने पुढे झालो. "हे हातोड्याचे," साडू म्हणाले, "यांनी मी मारतो. टोकं बघा, मारून मारून खरबरीत झालीत." मग त्यांचा हात थांबला. मुठीएवढा, काळपट, अगदी कुठेही सापडेल असा गोटा. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. चहूबाजूंनी अंगठा फिरवला. एक टवका गेलेला नाही, एक खड्डा नाही.

"सापडली," ते म्हणाले.

बहीणबाई भीतभीत म्हणाल्या, "पन भाऊ, कशावरथून?"

साडू गोटा धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "न फोडलेला दगड माझ्या घरात एक संध्याकाळ टिकत नसे, ताई. या सगळ्यात माझ्या हातचा घाव न खाल्लेला हा एकच आहे." आणि एवढं बोलून त्या माणसाचा चेहरा असा झाला की मी उगाचच पत्रावळी मोजायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी घाटावर पिंड मांडला. कावळा शिवेल तोवर थांबायचं असतं. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर तो शिवत नाही, मग नातेवाईक पिंडापुढे शब्द देतात. साडूंनी काय काय कबूल करायचं ते रात्रीतून ठरवून आणलं असावं, ओठ हलत होते. दगड फोडणं सोडतो म्हणणार होते, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण गुरुजी चार पावलं मागे सरतात न सरतात तोच कावळा आला आणि सरळ पिंडाला चोच मारून भात घेऊन गेला. लोकांनी समाधानाने हात जोडले. "पुण्यवान बाई. कशातच जीव अडकला नव्हता." साडू मात्र त्या पिंडाकडे बघतच राहिले. कुणी तोंडावर दार लावावं तसे. मला हळूच म्हणाले, "एवढ्या लवकर? काहीच मागायचं नव्हतं तिला माझ्याकडे?"

मी गावभर गप्पा हाकणारा माणूस. दहा उत्तरं तयार असतात. त्या दिवशी मी त्यांच्या खांद्यावरचं उपरणं नीट केलं.

मग आम्ही दोघं पाण्यात उतरलो. तापीला ओढ होती, गुडघ्याभोवती पाणी फिरत होतं. गुरुजींनी काठावरून मंत्र म्हटले आणि म्हणाले, "सोडा आता." साडूंनी अश्मा धरलेला हात पाण्याखाली नेला. "सोडा, मास्तर." "सोडला," साडू म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं, म्हणून मी वाकून हात घातला, तर त्यांची मूठ लागली. घट्ट मिटलेली. दगडाभोवती दगडच.

साडू समोर पलीकडच्या तीराकडे बघत होते. म्हणाले, "नदी फोडत नाही हो साडू. नुसती फिरवत, गोल करत नेते. तिच्याकडे बरी राहील ही." पण मूठ काही उघडली नाही. काठावर माणसं खोळंबली होती, गुरुजी घड्याळ बघत होते. बोटं एकेक करून सोडवणं माझ्या हातात होतं. मी ती सोडवली नाहीत. त्यांच्या मुठीवर माझी मूठ ठेवली आणि तसाच वाकून उभा राहिलो. किती वेळ उभे होतो, ते सांगत नाही. माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पाणी गार होतं. मग हळूहळू, कुणी न सांगता, माझ्या हाताखालचा हात रिकामा झाला.